कुऱ्हाड कुणाची, गाडी कुणाची?

मंडळी, आपल्यापैकी ज्यांनी बाजरी किंवा कापूस लावला आहे त्यांना विरळणी म्हणजे काय हे मी सांगावयास नको. दाट उगवले की मधली रोपे काढावी लागतात. हात आखडतो खरा, पण न काढावीत तर सारेच पीक काडीसारखे राहते. जंगलाचेही असेच आहे. सागाची लागवड सहा-सहा फुटांवर केली तर एका एकरात १,२१० रोपे बसतात. तोच साग जाणता होऊन तोडीला येतो तेव्हा त्या एकरात शंभर झाडेही नीट मावत नाहीत. म्हणजे मधल्या काळात हजाराहून अधिक झाडे टप्प्याटप्प्याने कुणीतरी काढावयाची असतात. आधी वाकडी, रोगट, दबलेली. मग चांगल्याच्या वाटेत येणारी. नाही काढली तर उन्हासाठी धडपडत सगळीच उंच जातात आणि बुंधा कोणीच धरीत नाही.

शेतातली विरळणी आणि रानातली विरळणी यांत एक फरक मात्र आहे, आणि आजचे सगळे बोलणे त्या फरकाविषयीच आहे. बाजरीचे रोप दोन बोटांनी उपटून बांधावर टाकता येते. सागाची दंडाएवढी बल्ली तोडावी लागते, तिच्या फांद्या छाटाव्या लागतात, उतारावरून ओढून वाटेपर्यंत आणावी लागते, गाडीत चढवून वखारीपर्यंत न्यावी लागते. मोठ्या ओंडक्याला हा खर्च सोसतो, कारण ओंडका पैसे देतो. बल्ली देते ते बेताचेच, आणि तिच्यासाठीही गाडीला खेप तीच करावी लागते. म्हणून रानाची विरळणी अडते ती बहुधा ज्ञानावाचून अडत नाही. कोणते झाड काढावे हे रानातल्या माणसाला चांगले कळते. अडते ती हत्यारावाचून आणि गाडीवाचून. जुन्या ठाणे जिल्ह्यात (त्याचा पश्चिम-उत्तरेकडचा मोठा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा झाला) ही गोष्ट माणसांच्या जिवावर कशी बेतली, आणि तिच्यावर तोड काय काढली गेली, ते आपण पाहू.

उपनगरातला, समजा सांताक्रूझचा, एखादा वाचक म्हणेल, आमचा आणि रानाचा काय संबंध? संबंध शेगडीचा होता. गॅस घरोघर येण्यापूर्वी सांताक्रूझच्या चाळींत काय आणि बंगल्यांत काय, चूल पेटे ती सरपणावर आणि शेगडी पेटे ती लोणारी कोळशावर. डहाणू, बोईसर, पालघर या बाजूचे लाकूड आणि कोळसा ज्या रुळांवरून मुंबईकडे येई, तेच रूळ सांताक्रूझच्या फलाटाला लागून जातात. १९५१ मध्ये पश्चिम रेल्वे झाली, त्यापूर्वी तिला बी. बी. सी. आय. म्हणत. मोठा साग घरांच्या तुळयांना आणि दारांना जाई. हातापायाएवढे लाकूड शेगडीकडे येई. म्हणजे रानात जे विरळून काढावयाचे, त्याचे गिऱ्हाईक शहरातले स्वयंपाकघर होते. कोळशाच्या टोपलीचा भाव वाढला की गृहिणी कुरकुरत. त्या भावातले किती पैसे कुऱ्हाड चालवणाऱ्याला पोचतात, हे विचारण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत नसे.

आता थोडे मागे जाऊ. मुंबई इलाख्यात जंगलांवर पहिला संरक्षक अधिकारी नेमला गेला तो १८४७ मध्ये. त्यांचे नाव डॉ. अलेक्झांडर गिब्सन. पुढे १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रान आणि संरक्षित रान अशी वर्गवारी झाली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना याचा चटका बसला तो राबाच्या बाबतीत. भाताच्या रोपासाठी जमीन भाजावयाची तर झाडांच्या डहाळ्या हव्यात, आणि डहाळ्या तोडण्यावर आली बंदी. ओरड इतकी झाली की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी जंगल कमिशन नेमावे लागले. हे एवढ्यासाठी सांगितले की, रानात कोयता कुणी, कधी आणि कशाला चालवावा हा झगडा आपल्याकडे नवा नाही. कमिशनच्या कागदांत फार शिरत नाही.

रानाचे तुकडे पाडून पाळीपाळीने एकेक तुकडा तोडीस काढावयाचा, अशी पद्धत पडली. त्या तुकड्याला कूप म्हणतात. कूप लिलावात निघे आणि ठेकेदार तो घेई. दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत तोडीचा हंगाम. आता या धंद्यात कुणाचे काय होते ते बघा. कुऱ्हाड आणि कोयता वारल्याचा, कातकऱ्याचा, कोकण्याचा. दांडाही त्यानेच रानातून निवडून घडवलेला. बाकी सारे ठेकेदाराचे: लिलावाची अनामत त्याची, गाड्या त्याच्या किंवा त्याच्या ओळखीच्या सावकाराच्या, पुढे ट्रक आले तेही त्याचे, वखार त्याची आणि शहरातल्या व्यापाऱ्याची ओळखही त्याची. पावसाळ्यात घरात दाणा नसला की खावटी द्यावयाची तीही त्यानेच, आणि ती फेडावयाची हंगामात अंगमेहनतीने. असा हा हिशेब. ज्याच्याकडे फक्त कुऱ्हाड, त्याला कुऱ्हाडीपुरतेच मोल. आणि तेही पदरात पडेपर्यंत निम्मे वजावटीत गेलेले.

रानाच्या दृष्टीनेही हे बरे नव्हते. ठेकेदाराने कूप घेतला तो एका हंगामापुरता. त्याची नजर मोठ्या झाडावर. वीस वर्षांनी इथे काय उभे असेल याच्याशी त्याचा संबंध काय? बारीक लाकूड परवडले तर न्यावे, नाही तर पडू द्यावे. खुंट जमिनीलगत, साफ आणि तिरका तोडला तर त्याला फुटवा चांगला येतो आणि पाणी न साठल्याने तो कुजत नाही. पण वाकून तोडावयास वेळ लागतो, आणि नगावर मजुरी मिळणाऱ्या माणसाला वेळ कोण देतो? म्हणून कमरेइतके खुंट उभे राहात. दोष कुऱ्हाडीचा नव्हता आणि ती धरणाऱ्या हाताचाही नव्हता.

१९३८ च्या सुमारास मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडे आदिवासी भागाच्या पाहणीचे काम दिले. त्यांच्या अहवालात लग्नगड्यांचे वर्णन आहे. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापोटी नवरा-बायको दोघे सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबत, आणि तरी कर्ज फिटत नसे. जंगल ठेकेदारांकडून होणाऱ्या नाडणुकीवरही त्यांनी बोट ठेवले. अहवाल छापला गेला, महायुद्ध आले, आणि कागद कपाटात राहिला.

मग माणसे स्वतःच उठली. मे १९४५ मध्ये तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांचे नाव तेव्हापासून वारल्यांच्या तोंडी बसले. वेठबिगार बंद, लग्नगडी बंद, हे पहिले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड व त्याचे सोबती मारले गेले. पुढल्या वर्षी, १९४६ मध्ये, लढा सरळ कूपात शिरला. झाडतोडीला दिवसाला निदान सव्वा रुपया मजुरी मिळावी, एवढीच मागणी. ऐन हंगामात कुऱ्हाडी खांद्यावरून उतरल्या त्या महिनाभर पुन्हा चढल्या नाहीत. अखेर लाकूड व्यापाऱ्यांना सव्वा रुपया मान्य करावा लागला. गोदावरीबाईंनी ही सगळी हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे; शिक्षकांनी शाळेच्या ग्रंथालयासाठी ते मागवावे.

संपाने मजुरी वाढली. पण गाडी कुणाची, हा प्रश्न होता तिथेच होता. ठेकेदार मजुरी देणार आणि ती दुसऱ्या वाटेने काढून घेणार. कारण कूप त्याचा, ट्रक त्याचा, वखार त्याची.

त्या वेळी मुंबई प्रांताचे पंतप्रधान (राज्यघटना येईपर्यंत प्रांताच्या मुख्याला असेच म्हणत) होते बाळासाहेब खेर. सांताक्रूझपासून हाकेच्या अंतरावर वांद्र्याला खेरवाडी आहे, ती त्यांच्याच नावाची. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींचे काम त्यांना नवीन नव्हते. आदिवासी सेवा मंडळाच्या उभारणीत त्यांचाच पुढाकार होता. सहकार खाते होते वैकुंठलाल मेहता यांच्याकडे, ज्यांचे आयुष्यच सहकारी बँकेत गेलेले. १९४७ मध्ये या सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांची योजना हाती घेतली. कल्पना साधी, पण तिच्यात खोच होती. संस्थेला कूप लिलावात बोली न लावता मिळावयाचा; किंमत वनखात्याने ठरवावयाची. का? तर लिलावात उतरण्याची ताकद भांडवलवाल्याचीच असते. कूप मिळाल्यावर तोड, वाहतूक, विक्री ही सगळी कामे संस्थेने करावयाची. मजुरी सभासदाला, आणि नफा उरला तर तोही ठरल्या नियमाने संस्थेकडे. सभासदांना अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रत्येक संस्थेच्या पाठीशी एखादी सेवाभावी संस्था उभी केली. दप्तर, पावत्या, हजेरीपट ती पाही. गुजरातेत पंचमहालाकडे भिल्ल सेवा मंडळाने हेच काम केले. तो मुलूखही तेव्हा मुंबई प्रांतातच होता.

आता खरी मेख बघा. कूप मिळाला, माणसे मिळाली, कुऱ्हाडी होत्याच. पुढे? पहिल्या दिवसापासून मजुरी रोख द्यावी लागते आणि लाकूड विकून पैसे येतात ते चार महिन्यांनी. मधल्या काळात खेळते भांडवल हवे. ते सहकारी बँकेने आणि सरकारी मदतीने दिले. त्यानंतर लाकूड न्यायला गाडी हवी. ज्या संस्थांना साधले त्यांनी ट्रक घेतले, आणि त्या तगल्या. ज्यांना साधले नाही त्यांनी ट्रक भाड्याने घेतला तो कालच्या ठेकेदाराकडूनच! काही ठिकाणी तर नाव संस्थेचे, पाटी संस्थेची, शिक्का संस्थेचा, आणि आत सगळा कारभार जुन्याच माणसाचा, असे झाले. सहकाराला नावे ठेवणारे या उदाहरणांकडे बोट दाखवतात. त्यांना माझे एवढेच सांगणे की, त्या संस्था आदिवासींच्या होत्या म्हणून बुडाल्या नाहीत. चाके दुसऱ्याची होती म्हणून बुडाल्या.

हत्यारांत करवतही आली. कुऱ्हाडीने झाड पाडले की ढलप्यांत बरेच लाकूड वाया जाते आणि खुंट उंच राहतो. दोघांनी ओढावयाची करवत जमिनीलगत बसून चालवता येते. १९६० च्या दशकात केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने लाकूडतोडीच्या शिक्षणाचा उपक्रम काढला, त्यात चांगल्या दातांच्या करवती, त्यांना धार कशी लावावी, दात कसे वाकवावेत, हे शिकवले जाई. धार लावण्याची कानस करवतीइतकीच महत्त्वाची, हे सुताराला सांगावे लागत नाही. पण सरकारी खरेदीत करवती येतात आणि कानशी राहून जातात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. असो. यंत्रकरवतीचे म्हणाल तर जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी साखळीची करवत १९२६ मध्ये केली, आणि एका माणसाने उचलून चालवण्याजोगी पेट्रोलची करवत त्यांच्याच कारखान्यातून १९५० च्या सुमारास आली. मोठ्या झाडांना ती उत्तम. दंडाएवढ्या बल्लीला मात्र धारेची कुऱ्हाड किंवा धनुकलीची करवत पुरते. तिथे पैसा खातो तो तोडण्यातला वेळ नव्हे, ओढण्या-वाहण्यातला.

या संस्थांचे पुढे काय झाले? दोन बाजूंनी कोंडी झाली. एक बाजू शहराकडची. १९५५ च्या सुमारास मुंबईत बर्मा शेल कंपनीने नळकांड्यातला गॅस आणला. घासलेट होतेच. हळूहळू सांताक्रूझच्या ओट्यावरून शेगडी उतरली आणि कोळशाच्या वखारींच्या जागी दुसरी दुकाने आली. बायकांच्या डोळ्यांतला धूर गेला, याचा आनंदच आहे. पण रानातल्या बारीक लाकडाचे सर्वात मोठे गिऱ्हाईकही त्याबरोबर गेले. उरली ती बांधकामाच्या परांचीची आणि टेक्याची बल्ली, आणि तिथेही किनाऱ्याकडचा सुरू स्वस्त पडे. दुसरी बाजू कायद्याची. १९७४ मध्ये महाराष्ट्राचे वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि सागाच्या मोठ्या लागवडी, त्यांची विरळणी, विक्री हा कारभार बऱ्याच ठिकाणी महामंडळाकडे गेला. १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की मंजूर कार्य आयोजनेशिवाय रानात तोड नाही. जंगल वाचवावयाचे तर काहीतरी कडक करणे भाग होते, हे मान्य. पण कूप कमी झाले की संस्थेचा ट्रक वर्षाचे बरेच महिने उभा राहतो, आणि उभा ट्रक कर्ज फेडीत नाही. गंमत अशी की, १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीत ठेकेदारांच्या जागी आदिवासी सहकारी संस्था आणाव्यात असे स्पष्ट लिहिले आहे. नीती सांगत होती या, आणि काम मात्र आटत चालले होते.

नंतरचा अध्याय गडचिरोलीचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक हक्क मागता येऊ लागला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. बांबूची तोड म्हणजे खरोखर विरळणीच. बेटातले कोवळे कोंब राखावयाचे, जुने बांबू काढावयाचे, बेट मोकळे ठेवावयाचे. हत्यार काय, तर कोयता. म्हणून हा आरंभ बांबूने झाला हे योग्यच झाले. बांबूला भांडवल कमी लागते. तरीही ग्रामसभा बांबू विकतात तेव्हा तो उचलून न्यायला ट्रक आणतो तो बहुधा व्यापारी. भावाच्या बोलण्यात त्याचा हात वर राहतो, कारण तोडलेला बांबू रानात पडून राहिला तर नुकसान गावाचे.

आपण म्हणाल, हे दुखणे गरीब देशाचे. तसे नाही. जपानमध्ये महायुद्धानंतर डोंगरच्या डोंगर सुगी आणि हिनोकी या झाडांनी लावून काढले. आज तिथे सुमारे एक कोटी हेक्टर लावलेले रान आहे. बाहेरचे स्वस्त लाकूड आले, मजुरी वाढली, आणि विरळणी परवडेना. दाट काळोखी राने तशीच उभी राहिली. मोठी यंत्रे घ्यावीत तर छोट्या मालकाला कर्ज झेपेना. तेव्हा कोची प्रांतात काही लोकांनी उलटी वाट धरली. एक साखळी करवत, एक छोटे ओढयंत्र, एक लहान ट्रक, आणि डोंगरात अडीच मीटर रुंदीची साधी वाट. शेतकऱ्याने शेती सांभाळून सवडीने आपले रान आपणच विरळावे. यंत्र लहान, म्हणून हप्ता लहान; हप्ता लहान, म्हणून थोडे लाकूडही परवडते.

हा हिशेब शिक्षकांना फळ्यावर मांडता येईल असा आहे. आकडे मी मांडणीपुरते धरतो, बाजारभाव म्हणून नव्हे. समजा, ट्रॉलीसह ट्रॅक्टर सहा लाखांना घेतला आणि तो दहा वर्षे चालला. व्याज सोडून वर्षाला साठ हजार झाले. दिवसाला एक खेप, खेपेत शंभर बल्ल्या. एका गावाचे रान वर्षात तीस दिवसांचेच काम देत असेल, तर गाडीचा बोजा दिवसाला दोन हजार, म्हणजे बल्लीमागे वीस रुपये. वखारीत बल्लीला साठ रुपये येतात आणि मजुरी, डिझेल, चालक मिळून पंचेचाळीस लागतात असे धरा. हाती उरतात पंधरा, आणि गाडी मागते वीस. प्रत्येक बल्लीवर पाच रुपये तोटा! रान विरळावे म्हणणारा शहाणा मग गप्प बसतो. तीच गाडी चार गावांनी मिळून घेतली आणि ती एकशेवीस दिवस चालली, तर दिवसाचा बोजा पाचशे, बल्लीमागे पाच रुपये, आणि दहा रुपये शिल्लक. झाडे तीच, माणसे तीच, भावही तोच.

म्हणून चार गावांनी एकत्र बसून गाडी घ्यावयाची ठरवली तर आधी दिवसांची गणती करावी, मग कंपनी आणि रंग. गाडी कोणत्या गावात कोणत्या पंधरवड्यात राहील, चालकाचा पगार कोण देईल, मोडली तर सुटे भाग कुठे मिळतील, हे कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद शाळेत किंवा ग्रामसभेच्या दप्तरात ठेवावा. आणि ट्रॅक्टर घ्यावा, ट्रक नव्हे, असे मला वाटते. रानातले काम दिवाळीनंतर सुरू होते आणि पावसाच्या तोंडी थांबते. ट्रक मग झाडाखाली उभा राहतो. ट्रॅक्टरची ट्रॉली सोडली की आषाढात तोच भाताच्या चिखलणीला जुंपता येतो, आणि वरच्या एकशेवीस दिवसांत आणखी तीस-चाळीस दिवसांची भर पडते.